घर विकताय? विसार घेण्याआधी हे सगळं सांगून टाका

पुनर्विक्रीचे व्यवहार सहसा किमतीवरून फिसकटत नाहीत. किंमत पहिल्या दोन-तीन बैठकींत ठरून जाते. घोडं अडतं ते पुढे. साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या आधीच्या कराराचा, मसुदा तयार असतो, खरेदीदाराच्या बँकेचा वकील मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध घेत असतो, आणि अशा वेळी कळतं की फ्लॅट वडिलांच्या नावावरून आईच्या नावावर झाला तेव्हा लग्न झालेल्या बहिणीची सही कुठेच घेतलेली नाही. किंवा सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केलाय. किंवा वरच्या न्हाणीघराची गळती चार पावसाळे चालू आहे आणि छताला रंग मात्र गेल्याच महिन्यात दिलाय. यातली प्रत्येक गोष्ट सुटण्यासारखी असते. पण ती तिसऱ्याच माणसाकडून कळली की खरेदीदाराच्या मनात एकच प्रश्न उरतो: अजून काय काय लपवलंय?

घर घेणाऱ्याने काय तपासावं यावर भरपूर लिहिलं जातं. विकणाऱ्याने काय सांगावं यावर फारसं कुणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की घराच्या भूतकाळातलं जे जे महत्त्वाचं आहे, ते विकणाऱ्याने विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेण्याआधी आणि लेखी द्यावं. ते कसं करायचं, हे महाराष्ट्रातला सोसायटीतला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून खाली मांडलंय. बंगला किंवा रो-हाउस विकणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कायद्याची अपेक्षा

"घेणाऱ्याने बघून घ्यावं, आम्ही काय सांगायचं?" असं म्हणणारे बरेच भेटतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधलं कलम ५५ त्यांना साथ देत नाही. त्यानुसार मालमत्तेत किंवा विक्रेत्याच्या हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विक्रेत्याला माहीत असेल, खरेदीदाराला माहीत नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर तो उघड करणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे. मागितल्यावर मालकीहक्काची कागदपत्रं दाखवणं आणि मालमत्तेबद्दलच्या किंवा हक्काबद्दलच्या प्रश्नांना माहितीनुसार उत्तर देणं हेही त्याच कलमात येतं. असा दोष सांगायचं टाळणं म्हणजे कपट, असं कलमाच्या शेवटी स्पष्ट म्हटलंय.

यातला "नेहमीची काळजी घेऊनही न सापडणारा" हा भाग नीट समजून घ्या. तुटलेली फरशी खरेदीदाराला दिसते, ती वेगळी सांगायची कायदेशीर गरज नाही. पण तीच फरशी सतरंजीखाली झाकली किंवा ओलीच्या डागावर पीओपीचं छत चढवलं, तर ते करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खाली येतं. दोष मुद्दाम झाकणं हीही तिथे फसवणूकच मानली आहे. मग करार रद्द ठरवून मागण्याचा, नुकसानभरपाईचा मार्ग खरेदीदाराला मोकळा होतो. फसवणुकीवर आधारलेल्या दाव्याची मुदत व्यवहाराच्या तारखेपासून मोजत नाहीत, फसवणूक उघडकीला आली तेव्हापासून मोजतात. म्हणजे खरेदीखत (मालकी देणारा अंतिम दस्त) झालं, पैसे मिळाले, आता सुटलो असं होत नाही.

काही जणांना वाटतं की पुनर्विक्रीच्या तक्रारीही महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे, नेता येतात. रेरा कायदा मुळात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, आणि एजंट यांच्यासाठी आहे. घरगुती विक्रेत्याविरुद्धचा वाद दिवाणी न्यायालयात जातो आणि तिथे किती वर्षं लागतात ते सांगायला नको.

आधी स्वतःची फाइल उघडा

दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपल्याला माहीत हवं. बऱ्याच विक्रेत्यांनी आपली फाइल कर्ज घेतानाच काय ती उघडलेली असते. एक रविवार काढा आणि बिल्डरच्या पहिल्या करारापासून तुमच्यापर्यंतची साखळी लावा: कुणी कुणाला विकलं, प्रत्येक दस्त नोंदणीकृत आहे का, मुद्रांक शुल्क भरल्याची पावती आहे का, सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा सारांश उतारा (इंडेक्स टू), आहे का. भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी क्रमाने आहेत का तेही पाहा. साखळीतला एखादा जुना करार नोंदवलेला नसेल किंवा त्यावर शुल्क कमी भरलं असेल, तर खरेदीदाराची बँक तिथेच थांबणार. मग ते आधीच सांगितलेलं बरं.

मूळ दस्त हरवला असेल तर लपवू नका. पोलिसांत हरवल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल हा ठरलेला रस्ता आहे. ही कामं तुम्ही आधीच उरकून ठेवली तर खरेदीदार बिचकत नाही. मूळ कागद कुठेतरी गहाण पडलाय की काय, ही त्याची शंका रास्त असते.

हक्क नेमका कोणाकोणाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात आणि तेही मनात काही काळंबेरं नसताना.

नेहमीचं उदाहरण घेऊ. फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा, एकट्या त्यांच्या नावावर. ते मृत्युपत्र न करता गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, म्हणून समितीने भागपत्रावर आईचं नाव चढवलं. घरातले सगळे धरून चालतात की फ्लॅट आता आईचा. तसं नसतं. नॉमिनीला सोसायटी व्यवहारासाठी ओळखते, मालकी वारसांकडे जाते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीसाठी "तात्पुरता सभासद" अशी वेगळी तरतूदच केली आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार अशा वेळी पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात.

मृताच्या आईची आठवण सहसा कुणालाच राहत नाही. वडील गेले तेव्हा आजी हयात असेल, तर तिचाही फ्लॅटमध्ये वाटा होता. ती नंतर मृत्युपत्राशिवाय गेली असेल, तर तिचा वाटा फक्त तुमच्याकडे आला असं नाही, तिच्या इतर मुलामुलींकडे, म्हणजे काका आणि आत्यांकडेही गेला. हे विक्रीच्या वेळी खरेदीदाराच्या वकिलाने काढलं की धावपळ होते. आत्या अमेरिकेत, काकांशी बोलणं बंद, आणि खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आलेली. म्हणून एक कागद घेऊन साधा वंशवृक्ष काढा. कोण कधी गेलं त्या तारखा लिहा. प्रत्येक मृत्यूच्या दिवशी कोण कोण हयात होतं ते तपासा. हा कागद मृत्यूच्या दाखल्यांसह खरेदीदाराला द्या.

"ताई म्हणाली, मला काही नको" याला कागदावर किंमत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते झालं नसेल तर तसं सांगा, आणि ते कधीपर्यंत होईल किंवा ताई स्वतः खरेदीखतावर सही करणार आहे का, तेही सांगा. वारसांत कुणी अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हा मुद्दा पहिल्याच भेटीत निघायला हवा, कारण त्याला महिने लागतात. घटस्फोटाचा दावा चालू असेल आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल किंवा त्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम असेल, तर तीही तुमची खासगी बाब राहत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोच्या मालमत्तेत, वेगळा करार केला नसेल तर, दोघांचा निम्मा निम्मा हक्क धरतात. घर एकाच्या नावावर असलं तरी विक्रीला दोघांची सही लागते. जमिनीवर मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते न सांगता केलेला व्यवहार हमखास कोर्टात जातो.

बोजा, दावे आणि मोडलेला जुना सौदा

गृहकर्ज चालू असणं यात लाजण्यासारखं काही नाही. किती बाकी आहे, कोणत्या बँकेचं आहे, हप्ते थकलेत का, मूळ कागद बँकेकडे आहेत का, एवढं सांगा आणि बँकेकडून येणे रकमेचं पत्र घेऊन ठेवा. कर्ज फेडलं असेल तर ना-हरकत पत्र हवं, आणि दुय्यम निबंधकाकडे गहाणाची नोंद झाली असेल तर ती सुटल्याचीही नोंद हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. खरेदीदाराला तारखा देताना हे ३० दिवस हिशोबात धरा.

गृहकर्जाचं लोक सांगतात, विसरतात ते बाकीचं. भावाच्या धंद्याच्या कर्जाला हा फ्लॅट तारण दिला होता. पतसंस्थेचं कर्ज घेतलं होतं. कुणाला जामीन राहिलो आणि आता वसुलीची नोटीस आलीय. हे सगळं सांगण्यातलंच आहे.

त्यापुढे येतो मोडलेला सौदा. वर्षभरापूर्वी दुसऱ्या कुणाशी बोलणी झाली, विसार घेतला, साठेखतही नोंदवलं, मग काही कारणाने फिसकटलं. पैसे परत केले म्हणजे विषय संपला असं विक्रेत्याला वाटतं. पण नोंदणीकृत साठेखत तोंडी रद्द होत नाही, त्याचा रद्दलेख नोंदवावा लागतो. नाहीतर जुना खरेदीदार करारपूर्तीचा दावा लावू शकतो, आणि नवा खरेदीदार विनाकारण त्यात ओढला जातो. सौदा नुसत्या विसार पावतीवर झाला असेल तर तो शोध अहवालात दिसतसुद्धा नाही. म्हणूनच तो तुम्ही सांगायचा. पैसे परत दिल्याची पावती आणि समोरच्याने "माझा काही हक्क उरलेला नाही" असं लिहून दिलेला कागद जोडायचा.

न्यायालयात दावा चालू असेल तर दावा क्रमांक, न्यायालय आणि पुढची तारीख द्या. "फालतू केस आहे, काही होणार नाही" हे मत स्वतःजवळ ठेवा, दाव्याची प्रत खरेदीदाराच्या वकिलाला द्या. दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता त्या निकालाला बांधील राहते.

इमारत आणि तिच्याखालची जमीन

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला (ओसी), आहे का? बहुतेकांना वाटतं आहे, प्रत्यक्षात काढायला गेलं की फक्त काम सुरू करायचा दाखला हाती लागतो. नसेल तर नाही म्हणा. शिवाय पाण्याचा दर जास्त आकारला जातो का, कर्ज देताना बँकेने काय आक्षेप घेतला होता, तेही सांगा.

जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झालंय का, मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतराचा) अर्ज प्रलंबित आहे का, ते सचिवांना विचारून लिहा. जमीन कुणाची आहे हेही स्पष्ट करा. सिडकोची भाडेपट्ट्याची असेल, म्हाडाची असेल, जिल्हाधिकाऱ्यांची भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, असेल, तर परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ते कोण भरणार यावरून नंतर भांडण होतं. लॉटरीत किंवा पुनर्वसन योजनेत मिळालेल्या घरांना ठरावीक वर्षं विक्रीची बंदी असते. ती संपली नसेल तर विकायला काढूच नका, मुखत्यारपत्रावर तर नाहीच. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात पक्कं केलंय.

पार्किंग. जाहिरातीत सगळे "पार्किंगसह" लिहितात. मोकळी किंवा इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डर विकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. अशा जागेचं वाटप सोसायटी करते, आणि तुम्हाला मिळालेली जागा फ्लॅटबरोबर आपोआप जाईलच असं नाही. तुमच्याकडे वाटपपत्र आहे की नुसती सवयीची जागा आहे, हे साफ सांगा.

इमारत जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा (स्ट्रक्चरल ऑडिटचा) अहवाल मागवा. आदर्श उपविधीनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. मुंबईत धोकादायक इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अशी नोटीस जिन्यात चिकटवून नंतर काढली गेली असेल, तरी ती तुम्हाला माहीत आहे. ती सांगा.

पुनर्विकासाबद्दल दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं. इमारत पडणार म्हणून ग्राहक पळेल या भीतीने कुणी लपवतं. कुणी उलट "लवकरच रिडेव्हलपमेंट होणार, दुप्पट जागा मिळेल" असं सांगून भाव चढवतं. सर्वसाधारण सभेत नेमका काय ठराव झाला, विकासक निवडलाय का, करार झालाय का, तुम्ही संमती दिलीय का, याच्या प्रती द्या. आश्वासन देऊ नका.

थकबाकीही इथेच येते. देखभाल खर्च, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी, मालमत्ता कर, वीज, पाइपचा गॅस. लिफ्ट बदलण्यासाठी किंवा बाहेरच्या गिलाव्यासाठी दर फ्लॅटमागे रक्कम मंजूर झालीय आणि वसुली पुढच्या तिमाहीत सुरू होणार आहे, असं असेल तर ते आजच्या ना-देय दाखल्यात दिसणार नाही. ते तोंडाने सांगून भागत नाही, लिहा. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. ते कोण भरणार तेही आत्ताच ठरवा. समिती त्याहून जास्त "देणगी" मागत असेल तर खरेदीदाराला आधीच सावध करा.

इमारत नवी असेल तर एक गोष्ट खरेदीदाराच्या फायद्याची असते. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे. तुम्ही काही तक्रार केली असेल तर ते पत्र आणि बिल्डरचं उत्तर हाती द्या.

ओल, गळती आणि ताजा रंग

ताबा दिल्यावर पहिलं भांडण उभं राहतं ते ओलीवरून. घर एप्रिल-मेमध्ये बघितलेलं असतं, सगळं कोरडं ठणठणीत. जुलैच्या पहिल्या झडीत सगळं उघडं पडतं.

म्हणून एक वही घेऊन खोलीखोलीतून फिरा. न्हाणीघराच्या छतावर पिवळसर कडा असलेला डाग आहे का, विशेषतः वरच्या नहाणी ट्रॅपच्या खाली. भिंतीच्या पायाशी पांढरा लोणा फुटलाय का. खिडकीच्या सज्जाखाली रंगाचे पोपडे आलेत का. तुळईचं प्लास्टर फुगलंय का, कधी पडून आतली गंजलेली सळई दिसली होती का. प्रत्येक जागेपुढे लिहा: कधीपासून, कोणत्या दिवसांत, आणि काय दुरुस्ती केली. "कोणत्या दिवसांत" हे फार कामाचं आहे. ओल बाराही महिने असेल तर बहुतेक नळाच्या किंवा ड्रेनेजच्या पाइपची, फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. त्यावरून खर्च कुणाचा तेही ठरतं: आदर्श उपविधींत गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणारी गळती सोसायटीच्या वाट्याला येते, फ्लॅटमधल्या न्हाणीघर-संडास-सिंकमुळे होणारी सभासदाच्या.

एक गळती अशी असते जी खरेदीदाराला कितीही डोळे फाडून बघितलं तरी दिसणार नाही: तुमच्या न्हाणीघरातून खालच्यांच्या घरात होणारी. तुमच्याकडे फरशी चकाचक, डाग त्यांच्या छतावर. खालच्यांनी सोसायटीकडे तक्रार दिलीय, सचिवांचं पत्र आलंय, तुम्ही फटीत पांढरं सिमेंट भरून वेळ मारून नेलीय. कलम ५५ मध्ये जो न सापडणारा दोष म्हटलाय, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. नवा मालक राहायला आल्याच्या आठवड्यात खालचे काका पत्र घेऊन वर येतात. फरशी उखडून, जुना कोबा काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे न्हाणीघर काही दिवस बंद आणि मोठा खर्च. त्याने तो तुमच्याकडे मागितला तर चूक त्याची नाही.

विक्रीआधी रंग देऊच नये असं नाही. घर नीटनेटकं दिसावं ही इच्छा साहजिक आहे. पण रंग देण्याआधी डागांचे फोटो तारखेसह काढा आणि ते माहितीत जोडा. दुरुस्तीची बिलं आणि कंत्राटदाराचं हमीपत्र असेल तर तेही जोडा. वाळवीचं तसंच. औषध कधी मारलं, कोणत्या खोलीत, पुन्हा लागली का.

घरात केलेले बदलही याच वहीत लिहा. बाल्कनी खोलीत घेतली, दोन फ्लॅट जोडले, स्वयंपाकघर सरकवलं, मधली भिंत काढली. परवानगी घेतली होती का? नसेल तर महापालिका नोटीस देऊन ते पाडायला लावू शकते, आणि ती नोटीस त्या दिवशी जो मालक असेल त्याच्या दारावर लागते. भिंत काढताना तुळई किंवा कॉलमला हात लागला असेल तर ते लपवणं वरच्या-खालच्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

पाणी: नळाचं आणि पुराचं

दिवसातून किती तास पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे वेगळे पडतात का, कूपनलिकेचं पाणी मार्चनंतर टिकतं का. या उत्तरांना पाच मिनिटं लागतात आणि खरेदीदाराच्या रोजच्या जगण्याशी त्यांचा थेट संबंध असतो.

पुराचं मात्र बहुतेक जण मनावरच घेत नाहीत, "एकदाच आला होता" म्हणून सोडून देतात. तळमजला, पहिला मजला, नदी-ओढ्याकाठची सोसायटी असेल तर पाणी कधी आणि कुठवर चढलं ते लिहाच. मुंबई-ठाण्यात २६ जुलै २००५, कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९, पुण्यात आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ ला आलेला लोंढा, चिपळुणात २२ जुलै २०२१, सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत २५ जुलै २०२४. या तारखा त्या त्या भागातल्या लोकांना पाठ आहेत, बाहेरगावाहून घर घ्यायला आलेल्याला त्या माहीत नसतात. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या का, मीटर बॉक्स पाण्यात गेला का, लिफ्ट किती दिवस बंद होती, विम्याचे पैसे मिळाले का, हे सगळं सांगा. इमारत निळ्या पूररेषेच्या आत येते का तेही पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या इमारतीच्या पुनर्विकासाचं गणितच बदलतं.

घरात घडलेलं

भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, अनामत रक्कम आणि मुदत द्या. मुदत संपूनही तो निघत नसेल, तर "रिकामा ताबा देतो" असं साठेखतात लिहिणं सरळ खोटं आहे. शेजाऱ्याशी पोलिसांपर्यंत गेलेला वाद, खालच्या मजल्यावरच्या मंगल कार्यालयाचा रात्रीचा आवाज, समोरच्या भूखंडावर मंजूर झालेला टॉवर, यांतलं काय दोषात मोडतं यावर वकील वाद घालतील. पण तुम्ही स्वतः घर घेत असता तर विचारलं असतं ना? मग सांगा.

आता अवघड विषय. घरात कुणी आत्महत्या केली असेल, खून झाला असेल तर? आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला दोषांचा छापील तक्ता भरून द्यावा लागतो, आणि तिथल्या कायद्यानुसार तीन वर्षांहून जुना मृत्यू आपणहून सांगितला नाही म्हणून दावा करता येत नाही. पण खरेदीदाराने थेट विचारलं तर खोटं बोलायची मुभा तिथेही नाही. मला ही भूमिका माणुसकीची वाटते. आजोबा वयोमानाने घरीच गेले, आई आजारपणात गेली, हे सांगायची काहीच गरज नाही. माणसं घरातच जन्मतात आणि घरातच जातात. पण अलीकडच्या काळात अनैसर्गिक मृत्यू झाला असेल तर खरेदीदाराला एकट्याला गाठून, कमीत कमी शब्दांत, नाव आणि कारणांच्या तपशिलात न जाता सांगावं. कामवाल्या मावशींकडून, वॉचमनकडून पहिल्या आठवड्यात त्याला ते कळणारच आहे, आणि त्या वेळी त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जो धक्का बसतो तो पैशाने भरून येत नाही. पोलीस तपास चालू असेल किंवा पंचनाम्यात फ्लॅट आला असेल, तर ते लेखीच द्यायला हवं.

काय सांगायची गरज नाही? घर का विकताय, हे. कर्जबाजारीपणा, आजारपण, मुलाचं परदेशी शिक्षण, घटस्फोट, जोवर त्याचा मालकीशी किंवा ताब्याशी संबंध येत नाही तोवर ते तुमचं आहे. शेजाऱ्यांची जात, धर्म, खाणंपिणं हा तर माहितीचा विषयच नाही. तसले प्रश्न आले तर थांबवावेत.

तुम्ही कागदोपत्री अनिवासी भारतीय असाल तर मात्र पहिल्याच भेटीत सांगा. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर निवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतो. अनिवासी विक्रेत्याला वेगळे आणि बरेच जास्त दर लागू होतात. कमी कापला तर खरेदीदार अडकतो.

माहितीपत्रक कसं लिहायचं

दोन-तीन पानं पुरतात. वकिली भाषा नको. विषयवार परिच्छेद, प्रत्येकात तारीख आणि जोडलेल्या कागदाचा उल्लेख. ओलीबद्दलचा परिच्छेद असा असू शकतो:

"पूर्वेकडच्या बेडरूमच्या खिडकीखालच्या भिंतीला २०२१ पासून पावसाळ्यात ओल येते. २०२३ च्या मे महिन्यात आतून वॉटरप्रूफिंग केलं (बिल जोडलं आहे). त्यानंतर २०२४ च्या पावसाळ्यात ओल कमी झाली पण पूर्ण थांबली नाही. बाहेरच्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी सोसायटीला पत्र दिलं आहे (प्रत जोडली आहे). काम अजून झालेलं नाही. याखेरीज गळतीची कोणतीही तक्रार माझ्या माहितीत नाही."

शेवटचं वाक्य विचारपूर्वक लिहा. "माझ्या माहितीत नाही" म्हणणं आणि "घरात कोणताही दोष नाही" अशी हमी देणं यात फार फरक आहे. जे माहीत नाही तिथे "माहीत नाही" लिहा. तुम्ही घर तिसऱ्याकडून घेतलं असेल तर तुमच्या आधीचा इतिहास तुम्हाला पूर्ण ठाऊक असणं शक्यच नाही, तसं नोंदवा.

हे पत्रक बोलणी गंभीर झाल्यावर आणि विसार हातात येण्याआधी द्या. पहिल्याच दिवशी घर बघायला आलेल्या प्रत्येकाला आधार कार्डाच्या प्रती आणि वंशवृक्ष वाटत बसू नका. किंमत जुळली, दुसऱ्यांदा घर बघायला आले, की ती वेळ. दोन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर "वाचलं, मिळालं" अशी सही आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवरही पाठवा, पण भिस्त सहीच्या प्रतीवर ठेवा. एजंटच्या भरवशावर हे काम सोडू नका. तुमच्या कानात "कशाला सांगताय, गिऱ्हाईक पळेल" म्हणणारा एजंट दलाली घेऊन निघून जातो, नोटीस तुमच्या नावाने येते.

साठेखतात एक कलम घालायला तुमच्या वकिलाला सांगा: अमुक तारखेचं माहितीपत्रक खरेदीदाराला मिळालं असून ते या कराराचा भाग आहे. पत्रक परिशिष्ट म्हणून जोडा. साठेखत ते खरेदीखत या दरम्यान नवं काही घडलं, सोसायटीची नोटीस आली, पावसात छत गळलं, तर पुरवणी पत्र द्या. व्यवहार पुरा होईपर्यंत सांगण्याची जबाबदारी चालूच असते.

खरेदीदार हे वाचून भाव पाडेल, ही भीती खरी आहे. त्याला आकड्याने उत्तर द्या. वॉटरप्रूफिंगवाल्याकडून, प्लंबरकडून लेखी अंदाजपत्रक आधीच घेऊन ठेवा. दोष मोघम असला की खरेदीदार मनानेच दोन-चार लाख धरतो, अंदाजपत्रकात तो आकडा बहुतेक वेळा त्याहून लहान निघतो. मग एकतर तेवढी रक्कम किमतीतून वजा करा, किंवा ताब्याआधी काम करून द्या. मला पहिला पर्याय बरा वाटतो. काम त्याच्या पसंतीने, त्याच्या देखरेखीखाली होतं आणि नंतर "घाईत उरकलंत" असं म्हणायला जागा राहत नाही. आणि सगळं वाचून तो मागे फिरला, तर तो खरेदीखताच्या आदल्या दिवशी फिरण्यापेक्षा आज फिरलेला परवडतो, विशेषतः तुम्ही त्याच पैशांवर दुसऱ्या घराचं साठेखत करून बसला असाल तर.

सही केलेली प्रत, जोडकागद आणि फोटो खरेदीखताच्या प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. विचारणा पाच-सात वर्षांनी आली तर उत्तर देणारे कदाचित तुम्ही नसाल, तुमची मुलं असतील.